गनसमोरची हवा

१.
पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकामाची घाई येते ती ऐन आषाढ-श्रावणात. झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, पडवीला ताडपत्री. आत कॉम्प्रेसर चालू.

२.
रंगवून झालेल्या मूर्तींवर प्लास्टिकचा कागद. स्प्रे गन धरणाऱ्याच्या नाकाला रुमाल.

३.
गनमधून दोन गोष्टी निघतात, रंगाचे बारीक थेंब आणि थिनरची वाफ. थेंब गाळता येतात. एन-९५ मास्क थेंब अडवतो, वाफ सरळ आत सोडतो. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज लागतं, आणि काम नसताना ते हवाबंद डब्यात ठेवावं लागतं. नाहीतर खुंटीवर टांगल्या टांगल्याच संपतं.

४.
‘पाण्यातला रंग आहे, काही होत नाही’ हे मला पटत नाही. थेंब छातीत जातो, मग तो पाण्यातला असो की थिनरमधला.

५.
थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड. जमिनीलगत सरकते, उंबरठा ओलांडते. हवेत ती १.१ टक्का झाली की एक ठिणगी पुरते.

६.
कोपऱ्यात देवापुढे समई. मधल्या दारापलीकडे गॅसची शेगडी.

७.
थेंब आणि वाफ बाहेर ओढून काढणारं प्लायवूडचं बूथ घरी करता येतं. समोरून उघडा खोका, मागे फिल्टर, त्यामागे फॅन आणि पाइप. तोंड तीन फूट बाय दोन फूट धरलं तर ६ चौरस फूट. तोंडाशी हवा मिनिटाला साधारण १०० फुटांच्या वेगाने आत ओढली जायला हवी, म्हणजे फॅन मिनिटाला ६०० घनफुटांचा. पण फॅनच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, घड्यांचा लवचिक पाइप, त्याचं प्रत्येक वळण त्यातून आपला वाटा काढून घेतं. म्हणून फॅन दीडपट-दुप्पट ताकदीचा घ्यावा आणि पाइप गुळगुळीत, आखूड, सरळ ठेवावा. मोटर वाफेच्या वाटेत नको. पट्ट्यावर फिरणारं पातं आत आणि मोटर बाहेर, नाहीतर फ्लेमप्रूफ फॅन. स्विचही खोलीबाहेर.

तपासायला अगरबत्ती पुरे. रंग-थिनरचे डबे आधी बाहेर काढावेत, खोलीत वास उरू देऊ नये, मगच काडी ओढावी. बूथच्या चारही कोपऱ्यांशी अगरबत्ती धरावी. धूर आडवा होऊन आत गेला पाहिजे. खालच्या कोपऱ्यात तो घुटमळून माणसाकडे वळत असेल, तर तिथूनच वाफही वळणार.

८.
डोळ्यांची आखणी करताना कारागीर श्वास रोखून धरतो. गन मारताना नाही.

९.
जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी. सगळं बंद असेल तर फॅन नुसता गरगरतो. समोरच्या भिंतीतली एक खिडकी उघडी हवीच. बाहेरून पत्र्याची उतरती झडप आणि आतून जाळी लावली की झड आत येत नाही. दमट हवेत लॅकर पांढरं पडतं, म्हणून लोक ही खिडकीसुद्धा लावून घेतात. मूर्तीची चकाकी राखण्यासाठी माणसाने वाफ ओढायची, हे मला मान्य नाही. दमट दिवशी लॅकरचं काम थांबवावं.

१०.
नाकाला वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नव्हे.

११.
ओली मूर्ती वाळेपर्यंत वाफ सोडतच असते. वाळवणीच्या फळ्या त्याच खोलीत. रात्री कामगारांच्या पथाऱ्याही तिथेच.

१२.
गाड्यांना मारतात तो हार्डनर घालायचा रंग घरच्या बूथमध्ये मारूच नये. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. वासावरून त्याचा अंदाज येत नाही.

१३.
पावसाळ्यात कोकणात वारा नैऋत्येकडून येतो. पाइपाचं तोंड त्या बाजूला काढलं तर वारा वाफ परत आत ढकलतो. पूर्वेला काढावं, पन्हळीच्या वर, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब. त्या बाजूला अंगणवाडी असेल तर उत्तरेची भिंत फोडावी.