बारामती–इंदापूरचा माळ

अमेरिकेंतील यूटा प्रांतांत तांबूस वालुकाश्माच्या दऱ्यांतून जाणारे रस्ते पाहावयास लोक हजारों मैलांचा प्रवास करितात. रूक्ष भूमीचें असें सौंदर्य आपल्या पुणें जिल्ह्यांतही आहे, हें गेल्या हिवाळ्यांत बारामतीहून इंदापुरास मोटारीनें जातांना माझ्या प्रत्ययास आलें.

ही वाट सुमारें ५० किलोमीटरांची. सह्याद्रीनें ढग अडविल्यामुळें या मुलखास पाऊस थोडा. महाबळेश्वरीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. येथें सुमारें २० इंचांवर वर्ष काढावें लागतें. येथील दगड मात्र वालुकाश्म नव्हे; कोट्यवधि वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाचा तो काळा पाषाण आहे.

सणसर, लासुर्णें या बाजूस नीरेच्या डाव्या कालव्यामुळें ऊंस डोलतांना दिसतो. १८८५ च्या सुमारास हा कालवा वाहूं लागला. परंतु शेळगांवाजवळून आंत कडबनवाडीकडे वळलें, कीं हिरवा रंग सरतो आणि सोनेरी कुसळी गवताचा अफाट माळ पसरलेला दिसतो. मधून मधून एखादें बोरीचें झुडूप वा हिवराचें झाड, वर चंडोलाचें गाणें! इतक्यांत दूरवर तीन चिंकारा माना उंचावून उभे राहिले आणि क्षणार्धांत गवतांत दिसेनासे झाले.

माळावर एक वृद्ध धनगर भेटला. “बाबा, एवढ्या गवतावर मेंढरांचें भागतें का?” असें मीं विचारिलें. तो म्हणाला, “पाव्हणं, पान्याचं रान मालकाचं, आमाला ह्यो माळच हाय. ह्यो नांगरला, तर मेंढरं कुठं न्यावी?”

त्याचे हे शब्द मनांत घर करून राहिले. याच वाटेवर काटेवाडीस आषाढी वारींत तुकोबांच्या पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें व हजारों लोक तें कौतुकानें पाहतात. पण त्या मेंढ्या वर्षभर कोठें चरतात, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. माळास ‘पडीक’ म्हणून कोणी तो नांगरतो, कोणी सद्धेतूनें तेथें दाट झाडें लावितो. परंतु दाट सावलींत कुसळी वाढत नाहीं. आणि मोकळें रान आटलें, म्हणजे चिंकारा, खोकड व लांडगा यांचें घरच जातें.

बालमित्रहो, वृक्षारोपण पुण्यकर्म खरेंच. तें गांवांत, रस्त्याच्या कडेस, शाळेच्या आवारांत अवश्य करा. परंतु परमेश्वरानें ज्या भूमीस गवताचेंच वस्त्र दिलें, तिला उघडी समजूं नका.