एक वार, दोन वार...

निफाड तालुक्यातल्या माणसाला लिलाव म्हणजे काय, हे शिकवायला जाऊ नये. लासलगाव आमच्याच तालुक्यात, पिंपळगाव बसवंतही आमच्याच तालुक्यात. सबंध देशाच्या डोळ्यांत पाणी आणणारा कांद्याचा भाव आधी आमच्याकडे पुकारला जातो. त्यातून मी बँकेत. थकलेल्या कर्जापायी गहाण दागिन्यांचे आणि जप्त ट्रॅक्टरांचे लिलाव मी टेबलाच्या सुरक्षित बाजूने पाहिलेले. तेव्हा चित्रांच्या लिलावातून एखादं अस्सल, हाताने काढलेलं चित्र घ्यावं असं माझ्या मनात आलं, यात घरच्यांनी एवढं दचकण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, चित्र आहे की आपल्याकडे," ही म्हणाली.

होतं. खताच्या दुकानदाराने दिलेलं, लक्ष्मीचं, खाली बारा महिने लटकवलेलं. तिचं चूक नव्हतं. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांना घराघरांतल्या भिंतींवर आणून बसवलं. तेव्हापासून मध्यमवर्गाची चित्रकला ही खिळ्याला टांगायची आणि डिसेंबरअखेर बदलायची वस्तू झाली. पण माझं म्हणणं एवढंच, की एका माणसाने एकदाच काढलेली, दुसरी प्रत नसलेली अशी एक तरी वस्तू घरात असावी. यावर हिने आमच्या चिरंजीवांकडे बोट दाखवलं आणि विषय तात्पुरता संपला.

रजेचे पैसे मिळाले होते. त्यातले १२,००० रुपये मी या कामी बाजूला काढले आणि अभ्यासाला लागलो. अभ्यासाचा पहिला परिणाम म्हणजे घाम. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. अमृता शेरगिलचं २०२३ साली ६१ कोटी ८० लाखांना. आणि आपल्या पंढरपूरचे हुसेन, ज्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून दिवस काढले, त्यांचं 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना. एवढ्या शून्यांशी माझा संबंध वर्षातून एकदा, ३१ मार्चला येतो, आणि तेव्हाही ती दुसऱ्यांची असतात.

पण बाजार कुठलाही असो, मोठ्या कांद्याशेजारी गोल्टी असतेच. कॅनव्हासवरच्या तैलचित्रांच्या पंगतीत आपल्याला पाट नसला, तरी कागदावरची रेखाटनं, पेन्सिलीचे कच्चे आराखडे, ठशाची छापचित्रं यांचे लहान लिलाव आता घरबसल्या संगणकावर होतात. छापचित्राखाली पेन्सिलीने १२/५० असं लिहिलेलं असतं. तो भाव नव्हे आणि परीक्षेचे गुणही नव्हेत. पन्नास प्रतींतली ही बारावी, एवढाच त्याचा अर्थ.

राहता राहिली सही. सह्या पडताळण्यात माझी उभी हयात गेली. 'र'चा पाय किंचित वाकडा दिसला तर मी सख्ख्या मेव्हण्याचा चेक परत केलेला आहे. पण बँकेत नमुना सही असते. स्वर्गवासी चित्रकाराने ती कुठे देऊन ठेवलेली असणार? आणि नकली माल या धंद्यात ढिगाने. तेव्हा विचारायचं एवढंच, की हे चित्र चित्रकाराकडून कुणी घेतलं, त्याच्याकडून कुणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात टांगलं, कागद आहेत का. थोडक्यात, चित्राचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार. हे समजल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दुसरी गोम हिशेबाची. लासलगावला व्यापारी ट्रॉलीजवळ येतो, चार कांदे हातात घेतो, भाव पुकारला जातो आणि मिनिटभरात सहा महिन्यांची मेहनत पुढच्या ट्रॉलीला वाट करून देते. मग हमाली, तोलाई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापत आलेत. चित्रांच्या बाजारात घेणाऱ्याच्या बिलातही चढवतात. हातोडा पडला तो भाव, त्यावर लिलावगृहाचा प्रीमियम, त्यावर कर, वर पार्सल. म्हणून मी बोलीची मर्यादा ८,००० ठरवली आणि ती चिठ्ठीवर लिहून हिच्याकडे ठेवायला दिली. स्वतःवर लगाम ठेवायचा तर तो दुसऱ्याच्या हातात असलेला बरा.

मी हेरलेलं रेखाटन वीतभर कागदावरचं होतं. काळ्या शाईत बसलेला एक बैल, मोजून नऊ रेघा. चित्रकार मुंबईत शिकलेले, केव्हाच वारलेले. नाव सांगत नाही, सांगितलं तर आपण विचाराल, "कोण?" आणि मला वाईट वाटेल. रात्री नऊला लिलाव मिटणार होता. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली की घड्याळ पुन्हा पुढे सरकतं. असं ते चारदा सरकलं. कुणीतरी अनोळखी गृहस्थ माझ्या बैलाच्या मागे लागले होते. ७,००० झाले. ही चिठ्ठी हातात धरून पंचासारखी शेजारी उभी. ७,५०० मी म्हणालो आणि समोरचा गप्प झाला. बहुधा त्याच्याही घरी चिठ्ठी असावी.

बैल आठ दिवसांनी घरी आला. आमचे आप्पा ऐंशीच्या पुढचे, जन्म शेतात आणि बाजार समितीच्या आवारात गेलेला. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

"औताचा आहे. खांद्याला घट्टा दाखवलाय बघ. काढणाऱ्याने बैल पाहिलेला आहे."

एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "काढणाऱ्याला यातले किती मिळाले?"

मी म्हटलं, आप्पा, काढणारा नाही आता. विकणारा कुणी संग्राहक.

"म्हणजे आपल्यासारखंच," असं म्हणून त्यांनी चष्मा उतरवला.

मला ते लागलं. 'ग्रामयात्रा' १९५४ साली दिल्लीत एका नॉर्वेच्या डॉक्टरने घेतलं, ते १,४०० रुपयांना. मग ते ऑस्लोच्या रुग्णालयात राहिलं आणि त्याच्या विक्रीचे पैसे डॉक्टरांच्या शिक्षणासाठी गेले. चांगल्या कामाला गेले, तक्रार नाही. पण हुसेनना मिळाले ते चौदाशेच. कायदा मी पाहिला. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५३ अ आहे. मूळ चित्र १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. माझा बैल ७,५०० चा. म्हणजे कायद्याच्या गव्हाणीपर्यंतही पोचला नाही.

पुढच्या रविवारी मी नाशिकला एका चित्रप्रदर्शनाला गेलो. कला महाविद्यालयातला एक मुलगा आपल्या जलरंगांशेजारी स्टुलावर बसला होता. ट्रॉलीवर बसलेला शेतकरी बसतो, अगदी तसा. पाऊस पडून गेल्यावरचा गोदाघाट त्याने काढला होता. किंमत ३,०००. मी पैसे त्याच्या हातात मोजले. तो गोंधळून म्हणाला, "काका, कमी नाही करायला सांगणार?"

"मी निफाडचा आहे," मी म्हटलं. "भाव पाडणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत."

घरी येऊन चित्राच्या मागे पेन्सिलीने त्याचं नाव, तारीख, रक्कम आणि 'चित्रकाराकडून रोखीने' असं लिहून खाली सही ठोकली. आता वर्षाला दोन चित्रं असं ठरलं आहे. एक लिलावातलं, एक हातातलं. लक्ष्मी मात्र अजून मधोमध आहे. दुधाचा हिशेब गोदाघाटावर लिहिता येत नाही, असं हिचं म्हणणं पडलं.