डाव्या हाताचा खेळ

कष्टकऱ्यांच्या घरात कॉम्प्युटरवरचा खेळ म्हटला की अजूनही कपाळाला आठ्या पडतात. पोरांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी कामधंदा बघावा, खेळात वेळ कशाला घालवायचा, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आमचे घरही त्याच वळणाचे. पण गेल्या वर्षी एका जुन्या खेळाने आमच्या घरात जे काम केले, ते वाचक बंधुभगिनींना सांगावेसे वाटते.

आम्ही सोलापूरचे. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. थोरला दादा यंत्रमागावर जॉबर. मागाचा आवाज दारातून ऐकून कुठे काय बिघडले ते सांगणारा माणूस. चार वर्षांपूर्वी एका कारखान्यात चालत्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला आणि तीन बोटे गेली. जखम भरली, पण दादा बोलायचा थांबला. कोणी पाहुणा आला की उजवा हात टॉवेलखाली जायचा. एके दिवशी वहिनी आम्हा दोघा धाकट्या भावांना म्हणाली, "भावजी, ह्यांना कशात तरी गुंतवा. मला आता बघवत नाही."

आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. 1996-97 च्या सुमारास दादा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडलोट करायला जायचा. शिकणारी मुले घरी गेली की तिथले सर त्याला तासभर कॉम्प्युटरवर बसू द्यायचे. तिथे त्याला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे वेड लागले. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने 1989 साली केलेला हा खेळ. साठ मिनिटांत बारा मजले पार करून राजकन्येला सोडवायचे. त्यातला राजकुमार इतका खरा का धावतो, तर मेकनरने स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. दादा क्लासमधून येऊन हे आम्हाला अंगणात पळून दाखवायचा.

पुतण्याच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर घरात होता. अडचण होती हाताची. या खेळाला चार बाणांची बटणे आणि शिफ्ट लागते. कठडा धरायला, जपून पाऊल टाकायला, तलवारीचा वार करायला, सगळ्याला शिफ्ट. कीबोर्डवर दोन हात हवेत. म्हणून आम्ही यूएसबीचा एक साधा कंट्रोलर आणला. अपंगांसाठी मायक्रोसॉफ्टने 2018 साली खास कंट्रोलर काढला आहे, पण तो आपल्या खिशाला परवडणारा नाही.

आता नवा कंट्रोलर जुन्या खेळाला ओळखत नाही, हे समजून घेतले पाहिजे. 1981 साली आयबीएमने कॉम्प्युटरला जॉयस्टिक जोडायची सोय केली तेव्हा पंधरा पिनांचे सॉकेट होते आणि एका जॉयस्टिकला दोनच बटणे. जुने खेळ तेवढेच जाणतात. शिवाय आजच्या 64 बिटच्या विंडोजवर डॉसचे खेळ थेट चालतही नाहीत. त्यासाठी 'डॉसबॉक्स' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो 2002 पासून मिळतो.

आम्ही केले ते असे. आधी कंट्रोलर जोडला, मगच डॉसबॉक्स सुरू केला. नंतर जोडला तर त्याला दिसत नाही. मग कंट्रोल आणि एफ-1 एकत्र दाबले. पडद्यावर कीबोर्डचे चित्र येते. त्यातल्या हव्या त्या बटणावर क्लिक करायचे, 'ॲड' म्हणायचे आणि कंट्रोलरवरचे बटण दाबायचे. शेवटी 'सेव्ह'. खेळाला वाटते कीबोर्डच दाबला जातोय. डाव्या अंगठ्याखालच्या फुलीवर चारही बाण लावले आणि डाव्या तर्जनीखालच्या वरच्या बटणावर शिफ्ट. सगळा खेळ एका हातात आला.

दादाने पहिल्या दिवशी हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्या खेळताना राजकुमार खड्ड्यात पडला, तसा मागून आवाज आला, "शिफ्ट दाब की रं, कठडा धर!" पोराने काही न बोलता कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने दादा आम्हाला म्हणाला, "हे बटण कडक हाय. बोट दुखतंय. खालच्या बटणावर घ्या." आम्ही उठणार तेवढ्यात त्यानेच विचारले, "कसं करायचं ते दाखवा." जॉबरच तो. आठवडाभरात सगळी जुळणी त्याने आपल्या हाताप्रमाणे करून घेतली. कंट्रोलर डगमगू नये म्हणून उजवा हात त्याच्यावर टेकवून बसू लागला. टॉवेल खुंटीवरच राहिला.

दादाची बोटे परत आली नाहीत, कारखान्याचे कामही परत मिळाले नाही. पण आता तो गल्लीतल्या पोरांचे कंट्रोलर जुळवून देतो. 1995 नंतरचे विंडोजचे खेळ असतील तर तो आधी कंट्रोल पॅनेलमध्ये प्रत्येक बटण तपासतो. काही कंट्रोलरच्या पाठीवर 'एक्स' आणि 'डी' अशी खिटी असते. 2005 च्या आधीच्या खेळांना बहुधा 'डी' लागतो. तेही न जमल्यास 'जॉय-टू-की' सारख्या प्रोग्रामने कंट्रोलरला कीबोर्ड बनवता येते.

वाचकहो, यंत्रापुढे आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले शरीर वाकवले. आपल्या घरात कोणाचा हात अधू असेल, तर त्याला काय जमत नाही हे मोजत बसू नका. कोणते बोट चालते ते विचारा आणि बटणे तिथे आणून लावा.