बांधावर उभा राहणारा मालक

उचगाव, ता. जि. बेळगाव

चि. बाळास,

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, परदेशी मालक म्हटलं की आपली माणसं उगाच बिथरतात, अडाणीपणा आहे सगळा." तुझी कंपनी परदेशी, पगार वेळेवर; तुला तसं वाटणं साहजिक आहे. पण तो शब्द माझ्या मनाला लागला. फोनवर एवढं बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

परदेशी नावालाच माणसं बिथरत असती, तर बेळगावचा इंडालचा अॅल्युमिनियमचा कारखाना कधी सुखाने चालला नसता. त्यात कॅनडाच्या अल्कन कंपनीचा मोठा हिस्सा होता. 2000 साली तो बिर्लांच्या हिंडाल्कोने घेतला. बॉक्साइट आधीही राधानगरी-चंदगडच्या डोंगरांतून यायचं, नंतरही येत राहिलं. कॅनडावाल्यांना घालवा म्हणून आपल्या भागातून मोर्चा निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही. आपला पोरगा तिथे चिकटेल का, एवढीच घरोघर चौकशी. पुढे 2007 साली याच हिंडाल्कोने अमेरिकेतली नोव्हेलिस विकत घेतली, तेव्हा तर केवढं कौतुक झालं! आपण दुसऱ्याच्या गावात मालक झालो की छाती फुगते आणि आपल्या गावात दुसरा आला की पोटात गोळा येतो, हे मी नाकारत नाही. पण त्या गोळ्यामागे काय आहे ते बघ.

निपाणीचं घे. 1981 साली तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, आठवडेच्या आठवडे बायकापोरांसह तिथेच बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्यांचं भांडण कुठल्या गोऱ्या साहेबाशी होतं? वजनात काट मारणारे, पैसे महिनोन्महिने थकवणारे व्यापारी इथलेच, आपल्याच पेठेतले. म्हणून त्या आंदोलनाचे पुढारी, शेतकरी संघटनेचे शरद जोशी पुढे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले, किराणा व्यापारात परदेशी भांडवल येऊ द्या म्हणाले. गिऱ्हाइकं वाढली की एकाची मक्तेदारी मोडते, हे निपाणीत उभं राहिलेल्या माणसाचं बोलणं होतं.

आणि त्याच वेळी आपल्याच कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामी नेमके उलट सांगत होते. त्यांच्या रयत संघाच्या लोकांनी डिसेंबर 1992 मध्ये कारगिल या अमेरिकन कंपनीचं बंगळूरचं ऑफिस उधळलं, पुढच्या वर्षी बळ्ळारीच्या बियाणे प्रकल्पावर चालून गेले. बियाणं दुसऱ्याच्या हाती गेलं की शेतकरी गेला, हे त्यांचं म्हणणं. तोडफोड मला पटत नाही. भीती मात्र पटते. आपण सीमाभागातले, एका कानाने जोशींना ऐकलं, दुसऱ्याने नंजुंडस्वामींना. मला विचारशील तर मालाच्या बाबतीत जोशी खरे आणि जमीन-बियाण्याच्या बाबतीत नंजुंडस्वामी. यंदा बटाट्याला भाव पाडून मिळाला तर पुढच्या हंगामात दुसरा व्यापारी बघता येतो. रान एकदा गेलं की गेलं.

या भीतीवर पोळी भाजणारेही असतात. 1995 साली महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या वीजप्रकल्पाच्या विरोधावर मतं मागितली, सत्तेत येऊन करार मोडला आणि काही महिन्यांतच नवा केला. गुहागरच्या ज्या गावांची जमीन आणि मासेमारी पणाला लागली होती, त्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. राग तिथून येतो, बाळा. आपल्याला 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून हे ठाऊक आहे. कुठल्या राज्यात राहायचं हेही आपल्याला न विचारता ठरलं आणि शेताचा उतारा आजही कानडीत मिळतो.

आता आपल्या शिवाराकडे ये. परदेशी माणसाला, अगदी अनिवासी भारतीयालाही, या देशात शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे उचगावच्या बासमतीच्या रानाला अमेरिकेची भीती नाही. पण 2020 साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब कलमं काढून टाकली. आता शेतकरी नसलेला कुणीही इथे शेत घेऊ शकतो. शेजारचं बाची गाव ओलांडून शिनोळीत गेलास की महाराष्ट्र. तिथे अजून साधारणपणे शेतकऱ्यालाच शेत घेता येतं. इथे एजंट रताळ्याच्या वेलांत बूट घालून उभा राहतो आणि गुंठ्याचा भाव विचारतो. पीक काय, पाणी कुठून येतं, वाटेकरी कोण, यातलं काही विचारत नाही. घेणारा कोण हेही सांगत नाही, "पार्टी मोठी आहे" एवढंच. त्या पार्टीला भेटायचं कुठे, उद्या बांध कोरला तर तक्रार कुणाकडे न्यायची? लोक घाबरतात ते याला. तो बंगळूरचा आहे की बोस्टनचा, याने फार फरक पडत नाही.

विकणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, सोसायटीचं कर्ज, आणि भाताला परवडेल असा दर नाही. माणूस किती दिवस तग धरणार? पण त्यांना अडाणी म्हणू नकोस. ते तुझ्यापेक्षा जास्त हिशेब करून मग घाबरलेले आहेत.

तुझ्या वडिलांच्या हिश्श्याच्या उताऱ्याची नक्कल सोबत पाठवते आहे. तुझ्या ऑफिसात कुणी कानडी वाचणारं असेल तर त्याच्याकडून ओळ न् ओळ समजून घे. आणि कुणी तुझा नंबर शोधून भाव सांगायला लागलं, तर आधी मला आणि वाटेकऱ्याला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

तुझी,
आत्या