उगवण चाचणी

मृगाआधी वडील घरच्या सोयाबीनचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत. पाच-सहा दिवसांनी गोणपाट उलगडून मोड आलेले दाणे मोजत. 70 भरले तरच ते बियाणं पेरणीला जाई. दाणे कितीही टपोरे असोत, ही चाचणी त्यांनी कधी चुकवली नाही.

मी सर्व्हर सांभाळतो. रोज रात्री बॅकअप होतो, सकाळी ‘यशस्वी’ असा मेल येतो. कित्येक वर्षं मी त्या मेलवर विसंबलो. मग एका कारखान्यात पहिल्यांदाच मोकळ्या मशीनवर रिस्टोर करून पाहिला. ‘सर्टिफिकेट सापडत नाही’ एवढं म्हणून तो थांबला. डेटाबेस एन्क्रिप्टेड होता आणि सर्टिफिकेट फक्त मूळ सर्व्हरवर! तो सर्व्हर जळाला असता, तर दोन वर्षांचा एकही बॅकअप उघडला नसता. माझे हात गार पडले. वडिलांचं गोणपाट आठवलं ते तेव्हा.

अशी वेळ मोठ्यांवरही येते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. सुमारे 300 जीबीतला साडेचार जीबी उरला. रोजचा बॅकअप पाहायला गेले, तर जागा रिकामी. बॅकअपच्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती आणि तो फसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. एका इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटने त्यांना तारलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच जगापुढे मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता दर तिमाहीला माझा एक शनिवार बॅकअप रिस्टोर करून पाहण्याचा. मशीन नेटवर्कपासून तोडलेलं, नाहीतर जागं झालेलं सॉफ्टवेअर खऱ्या ग्राहकांना मेल धाडू लागतं. ज्युनिअर कागदावरच्या पायऱ्या वाचत काम करतो. मी घड्याळ लावून गप्प बसतो. तो अडला, तर चूक कागदाची. खऱ्या संकटात मी जवळ असेनच असं नाही.

सगळं सुरू झालं की अकाउंट्सच्या ताईंना बोलावतो. निकाल त्यांचा. आदल्या संध्याकाळी केलेलं शेवटचं बिल त्या काढतात, स्टॉक जुळवतात. गेल्या खेपेला म्हणाल्या, “बिल आहे हो, पण जोडलेलं चलन उघडत नाहीये.” स्कॅन केलेली चलनं वेगळ्या फोल्डरमध्ये होती, तो फोल्डर बॅकअपच्या यादीतच नव्हता. त्याच संध्याकाळी तो यादीत घातला. येत्या शनिवारी ताईंना पुन्हा बोलावलं आहे.