घाट उतरतांना

आपल्या शाळेच्या वार्षिकांत सहलींचीं वर्णनें, थोरांचीं चरित्रें आणि निसर्गावरील निबंध दरवर्षीं छापून येतात. यंदा संपादकांनीं आम्हांकडे लेख मागितला तेव्हां आम्हींहि मेळघाटांतील पावसाळ्यावर चार पानें लिहावयास घेतलीं होतीं. परंतु लेखणी पुढें सरकेना. गेल्या पावसाळ्याची आठवण झाली कीं आमच्या डोळ्यांपुढें सिपना नदीचा पूर किंवा सागाचें हिरवें रान उभें राहत नाहीं. वर्गाच्या फरशीवर उमटलेले तांबडे ठसे उभे राहतात. ते ठसे आमच्याच पायाचे होते. तेव्हां पावसाचें वर्णन बाजूस ठेवून त्या ठशांचीच हकीकत येथें सांगतों.

जुलै महिना होता. सहावीच्या वर्गांत अपूर्णांकांचा पाठ चालला होता. इतक्यांत मागल्या बाकावरची एक कोरकू मुलगी उठून उभी राहिली व भीत भीत म्हणाली, "सर, तुमच्या पायातून रक्त येऊन राह्यलं!" आम्हीं खालीं पाहिलें. दारापासून फळ्यापर्यंत रक्ताचे डाग पडले होते. चप्पल काढून पाहतों तों एक खिळा तिचा तळ भेदून डाव्या तळव्यांत रुतलेला. घरापासून शाळेपर्यंत आम्ही त्याच खिळ्यावर चालत आलों होतों, आणि आम्हांस कांहींहि कळलें नव्हतें. "सर किती सहन करतात!" असें एक मुलगा कौतुकानें म्हणाला. आम्हीं हंसून तें कौतुक पदरांत घेतलें. हा आमचा पहिला अपराध. कारण सहन करण्याजोगें तेथें कांहीं नव्हतेंच. त्या पायास संवेदनाच उरली नव्हती. आम्हांस कुष्ठरोग झाला होता, आणि ही गोष्ट आमच्या पत्नीखेरीज धारणींत कोणासहि ठाऊक नव्हती.

या रोगाचें नांव काढतांच लोक दचकतात; म्हणून त्याविषयीं चार शब्द आधीं सांगणें अवश्य आहे. हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे. त्याचा जंतु नॉर्वे देशांतील डॉक्टर हॅन्सन यांनीं 1873 सालीं शोधून काढला. 1981 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली. तींच औषधें आज आपल्या देशांत सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. सहा महिने किंवा बारा महिने तीं नियमानें घेतलीं म्हणजे रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचें भय राहत नाहीं. आमच्या अमरावती जिल्ह्यांतच डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनीं तपोवन येथें कुष्ठरोग्यांसाठीं वसाहत उभारली, आणि परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशनचें कुष्ठरोग रुग्णालय आहे. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. तरीहि आम्हीं रोग लपविला. ज्ञान असणें निराळें आणि धैर्य असणें निराळें.

आमचीं बारा महिन्यांचीं औषधें पूर्ण झालीं, परंतु एक संकट उभें राहिलें. कधीं कधीं मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरहि शरीर चवताळून हल्ला करतें आणि त्या धुमश्चक्रींत मज्जातंतु सुजतात. ती सूज वेळेवर उतरविली नाहीं तर हातपाय कायमचे लुळे पडतात. त्यासाठीं आम्हांस प्रेडनिसोलोन नांवाचें स्टेरॉइड औषध सुरू झालें. आरंभीं रोज 40 मिलिग्रॅम, मग दर पंधरवड्यास थोडें थोडें कमी. एकदां तें बंद होतांच सूज परतली, म्हणून पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागला. असे दहा महिने गेले. चेहरा वाटोळा झाला. शाळेंत सहकारी म्हणत, "प्रकृति फार सुधारली हो तुमची!" आम्ही आभार मानीत असूं.

खिळा रुतला त्या वेळीं आमची मात्रा 10 मिलिग्रॅमवर आली होती. जखमेवर पट्टी बांधून आम्ही दुसऱ्या दिवशीं शाळेंत गेलों. दुखत नव्हतें, मग विश्रांति कशाची घ्यावयाची? वेल्लोर येथें 1946 सालीं आलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं आपल्या संशोधनानें हेंच दाखविलें कीं, कुष्ठरोग्याचीं बोटें रोगानें झडत नाहींत. दुखणें नसल्यामुळें तो जखमी हातापायांनीं काम करीत राहतो, आणि त्या न जाणवणाऱ्या जखमांनीं बोटें झिजतात. ज्यास आपण वेदना म्हणून शिव्या देतों ती देहाची पहारेकरीण असते. आमची पहारेकरीण केव्हांच घर सोडून गेली होती. त्यांतच स्टेरॉइडचा दुसरा गुण असा कीं तें जखमेचा लालपणा आणि सूज झांकून टाकतें. तेव्हां जखम आंतून बिघडत होती आणि वरून शांत दिसत होती.

तीन आठवडे झाले तरी ती भरेना. तेव्हां एका स्नेह्यानें सांगितलें, "या गोळ्यांमुळेंच जखम भरत नाहीं." हें अर्धें सत्य होतें. स्टेरॉइडनें जखम उशिरा भरते व जंतूंस फावतें, हें खरें. परंतु अर्धें सत्य हें पुष्कळदां पूर्ण असत्यापेक्षां घातक ठरतें. त्या वाटोळ्या चेहऱ्याचाहि आम्हांस कंटाळा आला होताच. कोणास न विचारतां आम्हीं गोळ्या कपाटांत टाकल्या. हा आमचा दुसरा अपराध, आणि पहिल्यापेक्षां मोठा.

पहिल्या दिवशीं कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं अंग मोडून आल्यासारखें वाटलें. तिसऱ्या दिवशीं ताप आला व अन्नावरची वासना गेली. चौथ्या रात्रीं ओकाऱ्या सुरू झाल्या. पाणी पिण्यास उठलों तों डोळ्यांपुढें अंधारी येऊन चुलीजवळ कोसळलों. बाहेर मुसळधार पाऊस पडत होता. शेजारच्या तरुणानें आपल्या जीपमध्यें घालून आम्हांस रुग्णालयांत नेलें. रक्तदाब फार खालीं गेला होता. आमच्या पत्नीनें प्रसंगावधान राखून गोळ्यांचें पाकीट बरोबर घेतलें होतें. तें पाहतांच डॉक्टरीणबाईंनीं एकच प्रश्न विचारला, "या गोळ्या केव्हांपासून बंद आहेत?" उत्तर ऐकतांच त्यांनीं शिरेंतून सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचें इंजेक्शन दिलें. पहांटेपर्यंत आम्ही शुद्धीवर होतों.

पुढें दोन दिवसांनीं त्यांनीं आम्हांस सर्व समजावून सांगितलें. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल नांवाच्या दोन लहान ग्रंथि असतात. त्या रोज कॉर्टिसोल नांवाचें द्रव्य निर्माण करतात; तें साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचें असतें. ताप, जखम किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगीं त्या ग्रंथि हें द्रव्य कित्येक पट वाढवितात आणि त्या बळावर शरीर तग धरतें. परंतु बाहेरून औषध महिनोन् महिने येऊं लागलें म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी ग्रंथि त्यांस हुकूम धाडणें बंद करते. वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हें चटकन् कळेल. कालव्याचें पाणी मिळूं लागलें म्हणून विहिरीचा उपसा थांबविला तर तिचे झरे गाळानें बुजतात. मग एके दिवशीं कालवा एकाएकीं बंद केला तर विहिरींत पाणी कोठून येणार? झरे मोकळे होईपर्यंत कालवा थोडा थोडाच कमी केला पाहिजे.

हें ज्ञान जगास सहज मिळालेलें नाहीं. 1948 सालीं अमेरिकेंत डॉक्टर हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोंचलें आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. 1950 सालीं हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांस त्या संशोधनासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु 1952 सालीं एक दुःखद वृत्तांत प्रसिद्ध झाला. कित्येक महिने कॉर्टिसोन घेतलेल्या संधिवाताच्या एका रोग्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याचा रक्तदाब जो कोसळला तो सांवरलाच नाहीं. त्याच्या ॲड्रिनल ग्रंथि आक्रसून गेलेल्या आढळल्या. आज आम्हीं जें ज्ञान कपाटांत टाकलें होतें, तें अशा माणसांच्या मरणानें मिळालेलें आहे.

"मग या गोळ्यांतून आमची सुटका केव्हां?" आम्हीं विचारलें. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटका होईल, पण घाईनें नाहीं. आधीं जखम भरूं द्या, मग पायरी पायरीनें खालीं येऊं."

त्यांच्या या शब्दांनीं एक जुनी गोष्ट आठवली. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीस येणाऱ्या एस. टी.च्या गाडींत आम्ही एकदां पुढील बाकावर बसलों होतों. उतार लागला तरी चालक गाडी दामटीना. आम्हीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "चढाले इंजिन लागते सर, उतराले डोकं लागते." उतारावर गाडी मोकळी सोडणारा चालक थोडा वेळ सुखांत असतो, पुढें वळण असतें. आम्हींहि गाडी मोकळी सोडली होती, आणि वळणावर दरीच्या कांठीं थांबलों होतों.

त्यानंतरचे तीन महिने आम्हीं शिस्तींत घालविले. जखमेंतील मेलेला भाग काढून टाकण्यांत आला. पाय उशीवर उंच ठेवून पडून राहावयाचें. जखमेवर भार म्हणून द्यावयाचा नाहीं. संवेदना नसलेल्या पायास विश्रांति देणें हें दुखऱ्या पायापेक्षां कठीण असतें, कारण उठून चालण्यास मनाई करणारें आंत कोणीच नसतें. म्हणून डोळ्यांनाच पहारेकरी नेमलें. रोज रात्रीं तळव्याखालीं आरसा धरून पाहावयाचें. जखम भरल्यावर रोज पाय साध्या पाण्यांत भिजवून तेल चोळावयाचें. पायांत मऊ रबराची खास चप्पल घालावयाची आणि घालण्यापूर्वीं तिच्यांत हात फिरवून पाहावयाचा. गोळी सकाळीं न्याहारीनंतरच घ्यावयाची व वहींत खूण करावयाची. रक्तांतील साखर मधून मधून तपासावयाची. खिशांत एक चिठ्ठी: "हा मनुष्य स्टेरॉइड घेत आहे, एकाएकीं बंद करूं नये."

जखम भरल्यावर मात्रा 10 वरून साडेसातवर, मग 5 वर आली. तेथें असतांना एकदां हिंवतापासारखा ताप आला. पूर्वींचे आम्ही असतों तर तो अंगावर काढला असता. या वेळीं लगेच दवाखाना गांठला. ताप असेपर्यंत सकाळीं 5 आणि संध्याकाळीं 5 अशी गोळी मिळाली. ताप उतरल्यावर पुन्हां 5. मग महिन्यामहिन्यानें थोडी थोडी कमी करीत, सकाळच्या रक्ताच्या तपासणींत ग्रंथि जाग्या झाल्याचें दिसल्यावर, गोळी थांबली. बुजलेले झरे पाझरूं लागले होते.

एक पायरी मात्र अजून उतरावयाची होती. शाळेंत परत आलों तेव्हां मुलांनीं विचारलें, "सर, तुम्हांस काय झालें होतें?" उत्तर तयार होतें: सांधेदुखी. परंतु तीच मुलगी मागल्या बाकावरून पाहत होती. जें आम्हांस जाणवलें नाहीं तें तिनें पाहिलें होतें, आणि निर्भयपणें सांगितलें होतें. तिच्यासमोर खोटें बोलवेना. आम्हीं वर्गास सर्व सांगितलें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या मुलीनें विचारलें, "सर, आता दुखते का?" आम्ही म्हणालों, "नाहीं बाळ, तेंच तर वाईट आहे."

पुढल्या आठवड्यांत दोन पालक मुख्याध्यापकांस भेटून गेले. आपल्या मुलांना दुसऱ्या तुकडींत घालावें, असें त्यांचें म्हणणें होतें. आम्हांस राग आला नाहीं. कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा 1898 सालचा कायदा आपल्या देशांत 2016 सालापर्यंत पुस्तकांत होता, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण 2019 सालापर्यंत कायद्यांत होतें. कायद्यास जें विसरण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं, तें दोन पालकांनीं एका आठवड्यांत विसरावें असें कसें म्हणावें? डॉक्टरीणबाई शाळेंत येऊन बोलल्या. एक मुलगा आमच्याच वर्गांत राहिला, दुसरा गेला. त्याचीहि वाट पाहूं. भीतीची मात्राहि हळूहळूच उतरते.

शाळेच्या प्रार्थनेंत प्रभु येशूनें कुष्ठरोग्यास बरें केल्याची कथा आम्हीं कित्येक वेळां वाचून दाखविली आहे. तींत त्यानें त्या मनुष्यास आधीं हात लावला, याकडे आमचें लक्ष आतां कोठें गेलें.

मुलांनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथें स्पर्श कळेनासा झाला तर लपवूं नका, दवाखान्यांत जा. पालकहो, वैद्यानें दिलेलें औषध त्याच्या सांगण्यावांचून बंद करूं नका, आणि औषध चालू असतांना जखम किंवा ताप आला तर तें प्रथम त्यालाच सांगा. आम्ही हें उपदेश म्हणून सांगत नाहीं. दरीच्या कांठावरून परत आलेल्या वाटसरूनें मागून येणाऱ्यांस हांक द्यावी, तसें सांगतों. घाट सर्वांसच उतरावा लागतो. सावकाश उतरा, गांव खालींच आहे.