मेंदीवरची मधमाशी

अंगणातली मेंदी बहरली आणि मधमाश्या घोंगावू लागल्या. अम्मीला आवाज ऐकू येई, पण तिच्या नजरेला आता बारीक काही दिसत नाही. आम्ही भावंडांनी मोबाईलवर फोटो काढून तिला मोठे करून दाखवले. पडदा डोळ्यांजवळ धरून ती म्हणाली, "फूल असेल हे. माशी कुठंय?"

खरेच होते. भर दुपारी, उभ्याने, वरून काढलेले फोटो. पांढुरकी फुले उन्हात विरलेली, मागे वाळत घातलेले कपडे. फार जवळ गेलो की सगळेच धूसर.

मग एकेक चूक सुधारली. फजरच्या नमाजनंतर कोवळ्या उन्हाची वाट पाहिली. गारव्यात माशीही संथ असते. गुडघे टेकून तिच्या उंचीला आलो. वीतभर मागे सरकून, पडद्यावर नेमके तिच्या डोळ्यावर बोट टेकवले. दोन पावले बाजूला झालो, तर कपडे जाऊन मागे लांबची सावली आली.

वाऱ्याने हलणारी फांदी धाकट्याने धरली आणि माशी उडाली. ओट्यावरून अम्मी म्हणाली, "तिच्या रिज्कवर हात नको ठेवू, बेटा. थांब."

थांबलो. माशी परत आली. ओळीने दहा-बारा फोटो काढले, एक ठेवला. चुरगळल्यासारख्या चार पाकळ्या, आठ पुंकेसर, माशीच्या पायाला परागाचा गोळा.

अम्मीने बोटाने पुंकेसर मोजले. "जन्मभर पानं वाटली, फूल आज पाहिलं."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर तिनेच आम्हाला हाक मारली.